माऊच्या नावाचं गाऱ्हाणं

साखरपुड्याच्या दिवशी सुगंधाने घर इतकं घासलं की छपराखालच्या दोन पाली पाय घसरून खाली आल्या आणि त्यांनी पुन्हा वर जायचा नाद कायमचा सोडला. असल्फ्याच्या टेकडीवरची दहा बाय पंधराची खोली ती, पण घासता घासता सकाळचे दहा वाजले. मग एकच गोष्ट आवरायची राहिली. ती पलंगाचा पाय धरून उभी होती आणि हसत होती.

"माऊक ज्युलियाकडे ठेवून ये," सुगंधा सुनेला म्हणाली. "पावणे जायसर."

अनुपमा नारळ खवत होती. तिचा हात थांबला, पण मान वर झाली नाही.

माऊचं पाळण्यातलं नाव प्रेमा. ब्याऐंशी साली, गिरण्यांचा संप ऐन भरात असताना ती जन्मली आणि पहिलं रडली तेव्हा नर्सबाईंनी वाकून खाटेखाली मांजराचं पिल्लू शोधलं. तिचा आजा गुणाजी, गिरणीतला जुना साचेवाला, खाली टपरीवर सांगून आला की नातीने इस्पितळातल्या मांजरीचा आवाज मागून घेतला, ती मांजर आता मुकी झाली आहे. टपरीवरचे दोघे जण खरंच बघून आले. मांजर मुकीच होती, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. गुणाजीची थाप अशी असायची की ऐकणारा ती स्वतःच्या खिशातली भर घालून परत करायचा.

पण थापेने पोरीचं पोट भरत नव्हतं. तिला दूध ओढता येईना. अनुपमाने कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजून तिला वर्षाची केली. प्रत्येक पावसाळ्यात छाती भरायची. मान धरली दीड वर्षाने, बसली तिसऱ्या वर्षी. शेवटी परळच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं की माणसाच्या कणाकणात क्रोमोसोमच्या तेवीस जोड्या असतात, आणि हिच्या पाचव्या जोडीतल्या एकाचं टोक जागेवर नाही. त्या टोकावर आवाज, वाढ, बोलणं असं बरंच काही लिहिलेलं असतं. "लाखातून दोन-चार मुलं अशी," बाई म्हणाल्या. "हळू शिकेल. पण शिकेल. शिकवत राहा."

मग घरातल्यांचं रक्त तपासलं. माऊच्या बापाचं, चंद्रप्रकाशचं, पाचव्याचं टोक तुटून अकराव्याला चिकटलेलं होतं. काही हरवलं नव्हतं, नुसती जागा बदलली होती, म्हणून तो साकीनाक्याच्या वर्कशॉपात मजेत लेथ चालवत होता. मुलीला मात्र अर्धीच अदलाबदल मिळाली. नंतर त्याच्या बहिणीचं, कुंदाचं तपासलं. तिचंही भावासारखंच निघालं.

आणि आज कुंदाचा साखरपुडा होता.

"माऊ जाणार असेल तर मीपण ज्युलियामावशीकडे जाते," कुंदा वेणी घालता घालता म्हणाली. अंधेरीला एका कचेरीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून द्यायची सवय. "साखरपुडा तू करून घे, आई."

"तोंड सांभाळ. दोन वर्सांत सा स्थळा गेली."

"त्यांना कळायला नको? त्या कागदावर माझं नाव आहे."

"लगीन झाल्यावर सांग."

"म्हणजे आधी त्यांची वाट लावायची, मग सॉरी म्हणायचं."

सुगंधाने मुलाकडे पाहिलं. चंद्रप्रकाश बनियनवर उभा राहून शर्टाला इस्त्री करत होता. दोन बायकांमध्ये सापडला की तो नेहमी इस्त्री करायला घ्यायचा. तो शर्ट आतापर्यंत तीनदा झाला होता.

"आजच्या दिवस राहू दे ना, कुंदे," तो म्हणाला. "आईचं ऐक."

"तू शर्ट जाळ आधी."

अनुपमाने नारळाचं ताट बाजूला केलं, माऊला उचललं आणि बाहेर पडली. भांडली असती तर सुगंधाला बरं वाटलं असतं. ज्युलियाची खोली फळीच्या भिंतीपलीकडे. मधे इतकी पातळ फळी की ज्युलिया शिंकली तर इकडचे लोक आशीर्वाद द्यायचे. माऊला तिच्या मांडीवर देताना अनुपमा एवढंच म्हणाली, "झोपली तर बरं."

"झोपेल कशाला," ज्युलिया म्हणाली. "हिला आज नवा फ्रॉक घातलाय ना. पार्टी हाय ते कळतंय हिला."

इकडे सुगंधाने नवऱ्याला कोपऱ्यात गाठलं. कोकणातल्या रिवाजाप्रमाणे शुभकार्याआधी घरच्या वडील माणसाने देवापुढे नारळ धरून गाऱ्हाणं घालायचं. प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गाऱ्हाणं घालण्यात गुणाजीचा हात कोणी धरणारा नव्हता. एकदा म्हणे त्याने पावसासाठी गाऱ्हाणं घातलं आणि ते इतकं लांबलं की शेवटी पाऊस ऐकायला येऊन बसला.

"पोरीचा नाव घेवा, जावयाचा नाव घेवा, नारळ ठेवा," सुगंधा म्हणाली. "माऊचा नाव काढूचा नाय. थापो मारूच्यो नाय."

"गाऱ्हाण्यात थाप? ता माका जमात काय गो?" गुणाजी दुखावून म्हणाला. आणि हे खरं होतं. जन्मभर तो माणसांना बनवत आला, पण नारळ हातात असताना त्याने एक शब्द वाढवला नव्हता. "पण घरातला माणूस वगळला तर देव इचारतलो, ता खंय गेला म्हणान."

"तेका मिया बघतंय."

देवाला बघून घ्यायची तयारी असलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. गुणाजीने मान डोलावली.

पाहुणे अकराला आले. पाहुणे म्हणजे दोघंच, चेंबूरहून मालनबाई आणि त्यांचा एकुलता एक शिवदास. मालन मूळची देवगडकडची. नवरा गेल्यापासून तिने बावीस वर्षं एका सूतिकागृहात आयाचं काम करून मुलाला वाढवलं होतं. शिवदास खतांच्या कारखान्यात फिटर. बोलायला लाजायचा, आणि कुंदाकडे तर असा बघायचा की जणू ती खिडकीबाहेरचं दृश्य आहे.

पहिल्या पाऊण तासात गुणाजीने तीन थापा संपवल्या. त्याने विणलेलं मलमलीचं धोतर इतकं तलम होतं की मॅनेजरने नेसलं आणि तो दिवसभर तेच शोधत फिरला. देवनारला एक बोकड असा निघाला की त्याने खाटकालाच गिऱ्हाईक समजून भाव सांगितला. तिसरी रात्रपाळीच्या भुताची होती. संप फिसकटल्यापासून गुणाजी साकीनाक्याच्या एका गाळ्यावर वॉचमन होता आणि तिथलं भूत म्हणे त्याच्याकडून हजेरी लावून घ्यायचं. शिवदास हसून हसून चहा सांडून बसला. मालनही हसली. सुगंधाला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

"आणि नात कुठे आहे?" मालनने विचारलं. "आजारी असते म्हणाला होतात."

"मामाकडे गेली," सुगंधा म्हणाली.

कुंदाने आईकडे पाहिलं आणि भावाकडे पाहिलं. चंद्रप्रकाशने इस्त्री कुठे आहे ते शोधलं.

गुणाजी देवापुढे उभा राहिला. नारळ छातीशी धरला, डोळे मिटले, आणि त्याचा आवाज बदलला.

"बा देवा म्हाराजा. बारा येशीच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा. आज तुझ्या लेकरांनी ह्या मंगल कार्याचा पान मांडल्यानी आसा, ता गोड करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्वऽऽय," भिंत म्हणाली.

तो आवाज बारीक होता, सुईच्या नेढ्यातून ओढून काढल्यासारखा. गुणाजीचा एक डोळा उघडला. रोज संध्याकाळी तो माऊला पुढ्यात घेऊन खोटी गाऱ्हाणी घालायचा, चपाती करपल्याची, नळ गेल्याची, ज्युलियाची कोंबडी अंडं देत नसल्याची. दोन वर्षं हाच खेळ. आणि गेल्या महिन्यापासून 'व्हय' हा एक शब्द तिच्या तोंडात येऊन बसला होता. पाच वर्षांत तिने मिळवलेला तो पहिला आणि अजून तरी एकुलता एक शब्द. गाऱ्हाणं कानावर पडल्यावर तो ती गिळणार थोडीच होती.

"काय ते?" मालन म्हणाली.

"मांजार," सुगंधा म्हणाली. "शेजारणीचा."

गुणाजीने घाईघाईने पुढचं घेतलं. "कुंदाचा नि शिवदासाचा जोडा जमता आसा, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्वऽऽय."

मालनने पदर नीट केला. "तुमच्याकडे मांजर मालवणीत बोलतं?"

शिवदासला हसू आलं ते त्याने रुमालात दाबलं. पण मालन हसत नव्हती. ती उठली होती. "हा आवाज मला माहीत आहे," ती म्हणाली. "बावीस वर्षांत तीनदा ऐकला. तीनदा मीपण खाटेखाली मांजर शोधलं." आणि कोणी काही म्हणायच्या आत ती दाराबाहेर पडून ज्युलियाच्या खोलीत शिरली.

अनुपमा मागे धावली. सासूने नंतर कितीही बोललं असतं तरी चालणार होतं. परकी बाई माऊकडे कशी बघते ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तिने तऱ्हेतऱ्हेच्या नजरा पाहिल्या होत्या. लहान डोकं, दूर दूर असलेले डोळे, लाळेने भिजलेला गळा. लोक आधी ते बघायचे, मग छपराकडे बघायचे.

मालन माऊसमोर खाली बसली होती आणि तिच्या पायांकडे बघत होती.

"उभी राहते?"

"चालते," अनुपमा म्हणाली. "दिवाळीपासून. धरून धरून."

"खाते काय?"

"सगळं. चावून द्यावं लागत नाही आता."

"आणखी काय येतं हिला?"

हा प्रश्न अनुपमाला कोणीच विचारला नव्हता. काय येत नाही, त्याच्याच याद्या तिच्याकडे होत्या. ती बोलायला लागली आणि मग थांबेचना. पाण्याचा आवाज आला की बादली दाखवते. बाप कोपऱ्यावर असतानाच ओळखते, त्याच्या चपलेवरून. ज्युलियाबायची कोंबडी हिच्या मांडीवर येऊन बसते, आमच्या कोणाच्या बसत नाही. केस मात्र ओढते. रागावलं की आणखी हसते.

"त्या तिघी घरी गेल्या," मालन म्हणाली. "आईबापांनी गुंडाळून नेल्या. पुढे काय झालं ते वॉर्डात कोण सांगणार. मला वाटलं होतं, जगल्याच नसतील." माऊने हात पुढे केला आणि मालनच्या आंबाड्याची पिन उपसली. मालनने ती उपसू दिली. "चांगली घट्ट पकड आहे की."

ती माऊला कडेवर घेऊनच परत आली. खोलीतली सगळी माणसं होती तिथेच उभी होती. गुणाजीच्या हातात नारळ तसाच. सुगंधाचा चेहरा उतरला होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि पोरीचं लग्न हातातून चाललं होतं.

"माझो दोष," ती मालनला म्हणाली. "लपयलंय ता मिया. आणि आसा ताय माझ्यामुळा. चंदूच्या आधी दोन तान्हे झिल गेले माझे. दोघेय आसेच रडत, बारीक. सासू म्हणाली, पोटुशी आसताना सूर्याच्या गिराणात इळी हातात धरलंस. धरलेलंय मिया, भाजी चिरूक. तो डाग चंदूक लागलो, कुंदाक लागलो. चेडू माझा गुणाचा आसा, बाय. डाग माझो."

कुंदा पुढे झाली, पण त्याआधी दुसरंच कोणी बोललं.

"बा देवा म्हाराजा," गुणाजी म्हणाला.

नारळ अजून खाली ठेवलेला नव्हता. गाऱ्हाणं मोडलेलं नव्हतं.

"जन्मभर लोक माका म्हणत इले, गुणाजी वडाची साल पिंपळाक लायता. ती माझ्या रगतातच लागलेली आसा रे म्हाराजा. पाचव्याचो तुकडो अकराव्याक. सुगंधाचा रगात निर्मळ आसा. गिराणाचो संबंध नाय, इळयेचो संबंध नाय. परळच्या बायन आमचा दोघांचा रगात बघून माका तीन म्हयन्यांमागे सांगितल्यान, आणि मिया बायलेक सांगूक नाय. माका धीर झालो नाय रे म्हाराजा."

'व्हय म्हाराजा' कोणीच म्हणालं नाही. शिवदास मात्र मोठ्याने हसला. त्याला वाटलं, चौथी. मलमलीचं धोतर, बोलका बोकड, हजेरी लावणारं भूत, आणि आता झाडाच्या साली लागलेलं रक्त. मालनच्याही ओठाचा कोपरा हलला. "तुमचं काही खरं नाही हं," ती म्हणाली.

गुणाजीचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य त्याने बोलून दाखवलं होतं आणि माणसं पुढच्या गमतीची वाट बघत होती.

कुंदा हसली नव्हती. वडिलांच्या मिटलेल्या डोळ्यांखालून ओघळ आलेला तिला एकटीला दिसला होता. "बाबा," ती म्हणाली, "कागद कुठाय?"

गुणाजीने हनुवटीने खुंटीकडे दाखवलं. तिथे त्याची वॉचमनकीची बॅटरी लटकत होती. तीन महिने ती पेटत नव्हती आणि तो अंधारात गाळ्याला फेऱ्या मारत होता. कुंदाने झाकण फिरवलं. आतल्या सेलच्या जागी कागदाची सुरळी होती. तिने ती उलगडली, वाचली, आणि शिवदासच्या हातात दिली. इंग्रजी होतं, गुणाजीचं पूर्ण नाव होतं, पाच आणि अकरा हे आकडे होते. खाली सुगंधाचाही कागद होता. त्यावर नॉर्मल एवढंच लिहिलं होतं. शिवदासने ते मोठ्याने वाचलं आणि त्याचं हसू आपोआप विझलं.

सुगंधा खाली बसली. कोणी तिला धरायला गेलं नाही, कारण ती पडत नव्हती. ती हिशेब लावत असल्यासारखी भिंतीकडे बघत होती.

"तीन म्हयने," ती म्हणाली.

"व्हय," गुणाजी म्हणाला.

"आणि तेच्याआधी तीस वर्सां?"

"तेव्हा माका ठावक नव्हता गो."

तिने मान वळवली. "अनुपमा. मिया तुकाय इळयेचा बोललंय. माऊ झाली तेव्हा."

"हो, आई."

"किती येळा?"

"मोजलं नाही," अनुपमा म्हणाली. "मोजायला हवं होतं."

आणि सुगंधा हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग आवाज फुटला. तीस वर्षं तुंबलेलं ते हसू टेकडीवरून उतरत गेलं आणि टपरीवरच्या कपबश्या खुळखुळल्या, असं सांगणारे आजही भेटतात. अनुपमाला आधी भीती वाटली, मग तिलाही आवरेना. माऊ तर दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत टाळ्या पिटू लागली. तेवढ्यात चंद्रप्रकाशने डोळे पुसले, आणि कुंदाने ते पाहिलं, म्हणून तो पुन्हा कॉलर झटकायला लागला.

कुंदा मात्र शिवदासकडे बघत होती. तिचं काय ते अजून ठरायचं होतं.

"ते माझ्यातपण आहे," ती सरळ त्याला म्हणाली. "मला काही होत नाही. पण मुलं झाली तर एखादं ठणठणीत होईल, एखादं माझ्यासारखं, एखादं माऊसारखं. एखादं राहणारच नाही पोटात. आधी कळत नाही. दिवस गेल्यावर एक तपासणी असते म्हणतात. मी घाबरते. पण तुला न सांगता घाबरायचं नव्हतं मला."

खोलीत एवढी माणसं, पण शिवदास पहिल्यांदाच तिच्याकडे खिडकीसारखं न बघता माणसासारखं बघत होता.

"त्या परळच्या बाई भेटतील?" त्याने विचारलं.

"मंगळवारी असतात."

"माझी मंगळवारी सेकंड शिफ्ट. सकाळी जाऊ दोघं. मला हे पाच-अकरा नीट समजलं नाही." त्याने आईकडे पाहिलं. "पण त्याच्यासाठी साखर थांबवायचं कारण नाही ना?"

मालनचे केस मोकळे सुटले होते आणि आंबाड्याची पिन माऊ चावत होती. ती तिने सोडवून घेतली. "मला वॉर्डात रोज विचारायचे," ती म्हणाली, "बाई, दोष कोणाचा? आणि मी दर वेळी दुसरीकडे बघून चादर बदलायचे. आता बघ, पोरगी आपणहून सांगतेय." मग गुणाजीकडे वळून म्हणाली, "गाऱ्हाणं अर्धं ठेवू नये. पुरं करा."

गुणाजीने तोंड उघडलं. पुन्हा उघडलं. असल्फ्याच्या इतिहासात प्रथमच त्याला शब्द सुचेना.

सुगंधा उठली आणि तिने त्याच्या हातातून नारळ घेतला. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण तिला अडवायचा कोणालाच धीर झाला नाही, देवालाही.

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. "माझे दोन झिल तुझ्याकडे आसत. थोरल्याचा नाव दादू. दुसऱ्याचा बारसा झाला नाय. तेंका सांग, आवशीन काय केल्यान नव्हता. बापाशीनय काय केल्यान नव्हता. आमची माऊ, ह्या घराची नात, तिका बळ दी. अनुपमेक मिया वाईट बोललंय, ता तू माझ्या पदरात घाल, तिच्या नको. कुंदाच्या पोटाक जा येतला ता येतला. येवक आमी दार उघडा ठेवतलंव. तू फकस्त वाट दाखव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, भिंतीपलीकडून ज्युलियाही म्हणाली.

मालनने साखरेचा पुडा फोडला आणि वाटीत ओतला. "माझी एक अट आहे," ती म्हणाली.

सुगंधाने हातातला नारळ घट्ट धरला.

"लग्नात गाऱ्हाणं ह्यांनी घालायचं नाही. सुगंधाताईंनी घालायचं."

"आणि बायल गाऱ्हाणा घालता म्हणान मिया गावात सांगितलंय," गुणाजीला वाचा फुटली, "तर माझ्यार कोण इस्वास ठेवतलो?"

"तुम्ही सांगूच नका," मालन म्हणाली. "मी सांगेन."

मग तिने साखरेची मोठी चिमूट उचलली आणि कुंदापुढे धरली.

"आ कर."

कुंदाने आ केला.